सिनेमा दडवू नका, नीट सांगून दाखवा

‘साँग ऑफ द साऊथ’ हा डिस्नेचा १९४६ चा सिनेमा आज कुठल्याही अधिकृत ॲपवर सापडत नाही. अमेरिकेत त्याची कॅसेट किंवा डीव्हीडी कंपनीने कधी विकलीच नाही. थिएटरांत मात्र तो पुन्हा पुन्हा लावला, अगदी १९८६ पर्यंत. कंपनीचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगर यांनी २०२० मध्ये भागधारकांना सांगितलं की, सोबत सूचना जोडली तरी हा सिनेमा आजच्या जगात दाखवण्याजोगा नाही. त्याच कंपनीने ‘डम्बो’, ‘पीटर पॅन’ आणि ‘द ॲरिस्टोकॅट्स’ मात्र सूचना लावून चालू ठेवले आहेत. घरात लहान मुलं असली की हा प्रश्न कधी ना कधी आपल्यासमोरही येतो. आपल्याला लहानपणी आवडलेला जुना, गाजलेला सिनेमा मुलांना दाखवायचा का? दाखवायचा तर कसा? आणि हे ठरवताना कंपनीच्या त्या दोन ओळींच्या सूचनेचा कितपत उपयोग होतो?

माझं मत आधीच सांगते. सिनेमा दडवू नये आणि गुपचूप कापूही नये. मोठ्यांसाठी तो मूळ रूपात उपलब्ध असावा, अगदी लहानांच्या प्रोफाइलमध्ये नसावा, आणि सूचना द्यायचीच तर नेमकं काय चुकलं आहे ते तिच्यात लिहावं. उरलेलं काम घरातल्या मोठ्यांचं आहे आणि ते वाटतं तितकं अवघड नाही.

दडवण्याला माझा विरोध का आहे, ते ‘साँग ऑफ द साऊथ’वरूनच सांगता येईल. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा काळ, जॉर्जियातला एक मळा, आणि अंकल रीमस नावाचा प्रेमळ कृष्णवर्णीय म्हातारा मालकिणीच्या छोट्या नातवाला सशाच्या आणि कोल्ह्याच्या गोष्टी सांगतो. मळ्यावरचे कृष्णवर्णीय मजूर सदा आनंदी, गाणी गाणारे, मालकांवर खूश. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांचं हे चित्र खोटं होतं. सिनेमा आला त्याच वर्षी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी तार पाठवून याच मुद्द्यावर हरकत घेतली होती. म्हणजे ‘त्या काळी कुणाला काही वाटत नव्हतं’ हे आपण सर्रास ऐकतो ते वाक्य इथे टिकत नाही. ज्यांना वाटत होतं ते बोलले होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही.

आता जेम्स बॅस्केटकडे पाहा. अंकल रीमस त्याने साकारला. सिनेमाचा प्रीमियर अटलांटा शहरात झाला आणि तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे ज्याच्या खांद्यावर सिनेमा उभा होता त्यालाच त्या सोहळ्याला जाता आलं नाही. १९४८ च्या मार्चमध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. त्यानंतर काही महिन्यांतच तो गेला. त्याचं हे काम आज लोकांना रीतसर पाहताच येत नाही. त्याच सिनेमात अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल आहे. १९४० मध्ये ‘गॉन विथ द विंड’साठी ऑस्कर घेताना तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. कंपनी सिनेमा कपाटात बंद करते तेव्हा चूक केली कुणी, हे तर झाकलं जातंच, पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची कलाही त्याच कपाटात जाते. अभिनेत्री हूपी गोल्डबर्ग हिला २०१७ मध्ये डिस्नेचा मोठा सन्मान मिळाला, तेव्हा तिने हा सिनेमा बाहेर काढा आणि त्याबद्दल बोला, असं जाहीरपणे सांगितलं. मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं.

पैशाचाही भाग आहे. सिनेमा बंद ठेवणाऱ्या याच कंपनीने त्यातल्या सशा-कोल्ह्यांवर ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातली राइड १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पार्कमध्ये सुरू केली. अमेरिकेतल्या दोन्ही पार्कमध्ये ती २०२३ पर्यंत चालली, मग तिचं रूप बदललं. म्हणजे गोष्टीतून कमाई चालू आणि गोष्टीबद्दलचं उत्तर मात्र द्यायचं नाही. दडवण्याकडे संवेदनशीलता म्हणून पाहण्याआधी हे लक्षात ठेवावं.

गुपचूप कापणं मला त्याहून वाईट वाटतं. १९४० च्या ‘फँटेशिया’त बीथोव्हनच्या संगीतावरचा एक भाग आहे. त्यात गोऱ्या, देखण्या अश्वमानव मुलींच्या खुरांना पॉलिश करणारी एक छोटी कृष्णवर्णीय दासी होती. १९६९ मध्ये सिनेमा पुन्हा लावताना तिला काढलं आणि पुढच्या आवृत्त्यांतही ती नाही. आज तो सिनेमा पाहणाऱ्याला कळतच नाही की इथे काहीतरी होतं. स्टुडिओ निर्मळ आणि इतिहासही निर्मळ! याउलट ‘अलादिन’ (१९९२) पाहा. सुरुवातीच्या गाण्यात अरबी मुलखाला क्रूर ठरवणारी एक ओळ होती. अमेरिकेतल्या अरब वंशाच्या लोकांनी जाहीर आक्षेप घेतला, आणि पुढच्या वर्षी व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा ती ओळ बदललेली होती. आक्षेप सर्वांना माहीत, बदलही सर्वांना माहीत. असा उघड बदल मला चालतो. आता सिनेमे ॲपवर असल्याने गुपचूप बदल करणं फारच सोपं झालं आहे. २०२० मध्ये ‘स्प्लॅश’ या १९८४ च्या सिनेमात जलपरीचा उघडा पार्श्वभाग झाकायला कॉम्प्युटरने केस वाढवले होते, ते प्रेक्षकांनी पकडलं म्हणून बाहेर आलं.

राहिली सूचना. डिस्ने प्लस २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं तेव्हा जुन्या सिनेमांच्या माहितीत एवढंच होतं की यात कालबाह्य सांस्कृतिक चित्रण असू शकतं. ऑक्टोबर २०२० मध्ये मजकूर कडक झाला. हे साचे तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहेत, अशी स्वच्छ कबुली सिनेमाच्या आधी पडद्यावर येऊ लागली. २०२१ च्या सुरुवातीला ‘डम्बो’, ‘पीटर पॅन’, ‘द ॲरिस्टोकॅट्स’ आणि ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ हे सिनेमे सात वर्षांखालच्या मुलांच्या प्रोफाइलमधून काढले, मोठ्यांच्या प्रोफाइलमध्ये ठेवले. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण पाच वर्षांच्या मुलाला सूचना वाचता येत नाही. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये सूचना पुन्हा सौम्य आणि छोटी झाली आणि सिनेमाआधी येण्याऐवजी माहितीच्या भागात गेली. सहा वर्षांत तीन सूर. राजकारणाचं वारं जिकडे वाहील तिकडे मजकूर वळतो, म्हणून त्यावर विसंबून राहू नये.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. यातल्या एकाही मजकुरात नेमकं दृश्य कोणतं आणि ते कुणाला लागतं, हे सिनेमासोबत लिहिलेलं नाही. आपल्याकडे पडद्यावर सिगारेट दिसली की कोपऱ्यात धूम्रपानाचा इशारा येतो. तो इतक्या वेळा आणि इतक्या एकसारखा येतो की आपली नजर त्याच्यावरून घसरते. सगळ्या सिनेमांना एकच वाक्य चिकटवलं की तेच होणार. याहून चांगलं काम झालेलं आहे. वॉर्नर कंपनीने ‘लूनी ट्यून्स’ या जुन्या कार्टूनच्या डीव्हीडी संचात हूपी गोल्डबर्गला कॅमेऱ्यासमोर बसवलं. ही चित्रं चुकीची होती, पण ती काढून टाकली तर हे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल, हे तिने मुलांना समजेल अशा भाषेत सांगितलं. ‘गॉन विथ द विंड’ २०२० च्या जूनमध्ये एचबीओ मॅक्स या ॲपने काही दिवस काढला आणि त्याच महिन्यात परत आणला. येताना सोबत जॅकलिन स्टुअर्ट या सिनेमाच्या अभ्यासक प्राध्यापिकेचं छोटं निवेदन होतं. सिनेमाने काय सांगितलं, काय लपवलं, आणि मॅकडॅनियलसारख्या कलाकारांच्या वाट्याला काय आलं, हे त्यात येतं. सिनेमा एक मिनिटही कापलेला नाही. सूचना असावी तर अशी.

आता घरात काय करायचं ते. सिनेमा आधी स्वतः पुन्हा पाहा. लहानपणच्या आठवणीवर भरवसा ठेवू नका, कारण आपल्याला गाणी आठवतात, चित्र आठवत नाही. ‘डम्बो’ तर जेमतेम ६४ मिनिटांचा आहे, एका संध्याकाळी बघून होतो. त्यात दोन जागा लक्ष देऊन पाहा. पहिली सर्कसचा तंबू उभारण्याची. रात्र आहे, पाऊस कोसळतो आहे, मजूर खुंट्या ठोकताहेत. सगळे मजूर काळे आहेत आणि त्यांना चेहरेच काढलेले नाहीत: डोळे नाहीत, नाक नाही, नुसत्या आकृत्या. आणि त्यांच्या तोंडी गाणं काय, तर आम्ही लिहा-वाचायला शिकलो नाही, मिळालेला पगार उधळून टाकतो, आणि तरी मजेत आहोत. त्याच वेळी बाजूला हत्तीही दोर ओढताहेत, पण हत्तींना चेहरा आहे, स्वभाव आहे. हे एकदा दिसलं की मग दिसत राहतं.

दुसरी जागा शेवटाकडची, कावळ्यांची. ऐटीत बोलणारे, टवाळी करणारे पाच कावळे. त्यांच्या म्होरक्याचं नाव कामाच्या कागदांवर ‘जिम क्रो’ होतं. एकोणिसाव्या शतकात तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटाच्या पात्राचं हे नाव, आणि पुढे दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांनाही तेच नाव पडलं. म्होरक्याचा आवाज क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाचा आहे, बाकीच्या कावळ्यांचे आवाज मात्र हॉल जॉन्सन यांच्या कृष्णवर्णीय गायकवृंदातल्या कलाकारांचे. आणि गंमत अशी की, डम्बो या हत्तीच्या पिल्लाच्या वाट्याला आलेलं दुःख ऐकून वरमणारे आणि त्याला उडायला शिकवणारे सिनेमाभरात हेच. मुलांना ते आवडतात, आणि आवडावेत. म्हणून मी ‘दाखवू नका’ म्हणत नाही. २०१९ च्या नव्या ‘डम्बो’त कावळ्यांना सरळ वगळलंय. त्याने वाद टळला, पण त्या गायकांच्या सुंदर कामाची ओळख होण्याची संधीही गेली.

वयाचं म्हणाल तर साधारण सात-आठ वर्षांपर्यंत असे सिनेमे टाळायला हरकत नाही. काही बिघडत नाही, सिनेमे पळून जात नाहीत. या वयाचं मूल पडद्यावर जे पाहतं ते जसंच्या तसं उचलतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याची नक्कल करतं. वर्गात मणिपूरचं किंवा मिझोरामचं मूल असेल, तर ‘द ॲरिस्टोकॅट्स’मधल्या चॉपस्टिकने पियानो बडवणाऱ्या, तिरप्या डोळ्यांच्या मांजराची नक्कल कुणाला बोचेल, हे सांगायला नको. हिंदी डबिंगमध्ये बोलण्याच्या ढबीची थट्टा बरीचशी विरून जाते, चित्रातली उरते. त्यामुळे ‘आमची मुलं हिंदीत बघतात’ म्हणून सुटका नाही.

मूल मोठं असेल तर सोबत बसा. आधी भाषण देऊ नका. ते ऐकलं जात नाही आणि सिनेमाची मजाही जाते. दृश्य आलं की रिमोटने थांबवा आणि एकच प्रश्न विचारा: या माणसांना चेहरे का नसतील रे? उत्तराची घाई करू नका. मुलं बहुधा ‘रात्र आहे म्हणून’ असं म्हणतात. मग विचारा की हत्तींचे चेहरे कसे दिसतात? तिथे मूल स्वतः पोहोचतं. मग दोन वाक्यांत सांगा की त्या वेळी अमेरिकेत काळ्या लोकांना वेगळ्या शाळा, वेगळे नळ, बसमध्ये वेगळ्या जागा होत्या, आणि ज्यांनी चित्रं काढली त्यांना हे चूक आहे असं वाटलं नाही. एवढं पुरे. सिनेमा पुढे चालू करा. पुढचे प्रश्न झोपताना किंवा दुसऱ्या दिवशी जेवताना येतात, तेव्हा ‘नंतर सांगते’ म्हणू नका.

‘पीटर पॅन’ला (१९५३) थोडी जास्त तयारी लागते. त्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कातडीच्या रंगाबद्दल अख्खं गाणंच आहे, आणि त्यांना तोडकंमोडकं बोलणारे, पिसांचे टोप घातलेले विदूषक करून टाकलं आहे. मुलांना सांगा की ही एकाच जमातीची माणसं नाहीत. त्यांची शेकडो राष्ट्रं आहेत, वेगवेगळ्या भाषा आहेत. आणि कित्येक पिढ्या त्यांच्या मुलांना घरापासून दूर वसतिगृहांच्या शाळांत नेऊन ठेवलं जात होतं, तिथे आपली भाषा बोलली म्हणून शिक्षा होत असे. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशी कसरत करणारं आपलं मूल हे फार लवकर समजतं. परदेशात वाढणारं मराठी मूल तर त्याहून लवकर.

घरातली मोठी माणसं कधी कधी म्हणतात, “अगं, लहान मुलांचा सिनेमा आहे, त्यात काय एवढं!” त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ची (१९८४) आठवण करून द्या. गोष्ट १९३५ च्या भारतातली. राजवाड्यातल्या मेजवानीत जिवंत सापाची पिल्लं, डोळ्यांचं सूप आणि शेवटी माकडाचा थंडगार मेंदू. काली म्हणजे नरबळी मागणारी देवता. खलनायक मोला राम झालेत आपले अमरीश पुरी. पटकथेवर आपल्याकडे आक्षेप आल्याने शूटिंग श्रीलंकेत झालं. अमेरिकेत तो मोठ्यांसोबत मुलांनाही दाखवता येईल अशा वर्गात लागला, आणि त्यातल्या क्रौर्यावर ओरड झाली म्हणून त्याच वर्षी तिथे पीजी-१३ हा नवा वर्ग निघाला. ओरड क्रौर्याबद्दल होती, भारतीयांच्या चित्रणाबद्दल नव्हे. अमेरिकेत वाढलेल्या अनेक भारतीयांनी नंतर सांगितलं आहे की, तुमच्या घरी माकडाचा मेंदू खातात का, असं त्यांना शाळेत विचारलं जायचं. थट्टेचा विषय आपण झालो की ‘त्यात काय एवढं’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. तरीही तो सिनेमा बंद करावा असं मला वाटत नाही. अमरीश पुरींचं काम जबरदस्त आहे, आणि परदेशातल्या माझ्या भाचरांना ते दाखवताना मेजवानीच्या दृश्यावर काय बोलायचं हे मला माहीत आहे.

मग तोच नियम आपल्या घरच्या सिनेमालाही लावावा. ‘पडोसन’ (१९६८) आपण सहकुटुंब पाहतो आणि मीही तो आवडीने पाहते. पण मेहमूदने रंगवलेला दाक्षिणात्य संगीत शिक्षक हा त्याच्या बोलण्यावर, शेंडीवर आणि दिसण्यावर हसण्यासाठीच उभा केला आहे, हे शेजारच्या तमिळ कुटुंबासोबत बसून पाहिलं की लगेच जाणवतं. अशा सिनेमांना आपल्याकडे कुठलीच सूचना नाही. ती घरातच द्यावी लागते.

गोष्ट आणि सिनेमा वेगळे करता आले तर तेही करा. अंकल रीमसच्या गोष्टी मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने त्या ऐकून १८८० च्या सुमारास पुस्तकात आणल्या. डांबराच्या बाहुलीला चिकटलेला ससा ‘मला हवं ते करा, पण काटेरी झुडपात तेवढं फेकू नका’ म्हणून विनवतो, आणि झुडपात पडल्यावर हसत पळून जातो, कारण तो तिथेच वाढलेला असतो. दुबळ्याने डोकं चालवून बलवानाला हरवण्याची ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलालाही सांगता येते, सिनेमाशिवाय. पाली जातकांतही एक राजपुत्र चिकट केसांच्या राक्षसाशी लढतो आणि हात, पाय, डोकं सगळं चिकटून बसतं. या दोन गोष्टींचं नातं काय, यावर लोककथांच्या अभ्यासकांनी बरीच चर्चा केली आहे. मोठ्या मुलांना दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगून पाहा.

शेवटचं काम ॲपचं. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ॲपवरच्या कार्यक्रमांना यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए असे वर्ग द्यायचे असतात; यूए १३+ पासून पुढे पॅरेंटल लॉकची सोय असावी लागते. सेन्सॉर बोर्डानेही २०२४ पासून थिएटरच्या सिनेमांसाठी यूएचे असेच तीन भाग केले. या आकड्यावरून हिंसा, शिव्या, भीतीदायक दृश्यं यांचा अंदाज येतो. २०२१ च्या नियमांत वर्ग ठरवताना जात, वंश, लिंग, धर्म, अपंगत्व यांवरून होणारा भेदभाव विचारात घ्यावा असंही स्पष्ट आहे, पण जुन्या कार्टूनपटासमोर ‘यू’ दिसलं की ते तपासलं गेलं असं गृहीत धरू नका. मुलांचं प्रोफाइल वेगळं करा, त्यात काय काय दिसतं ते स्वतः चाळून घ्या, आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. सूचना सिनेमाआधी आली नाही तर माहितीच्या भागात उघडून वाचा.

आणि खटकलं तर कंपनीला कळवा. ॲपमध्ये अभिप्रायाची किंवा तक्रारीची जागा असते. तिथे ‘सिनेमा काढून टाका’ एवढंच लिहू नका. सिनेमाचं नाव, कितव्या मिनिटाला काय दिसतं, त्याबद्दल कोणती माहिती सोबत हवी होती, आणि मूळ सिनेमात बदल केला असेल तर तो कधी आणि कुठे केला हे जाहीर करा, असं लिहा. मराठीतही लिहा. सूचनाही मराठीत मिळायला हवी, कारण ज्या आजीसोबत मूल दुपारी सिनेमा पाहत बसतं तिला इंग्रजीतल्या दोन ओळींचा काहीच उपयोग नाही.